मेसा बूगी मार्क फाइव्ह: एका पेटीत नऊ अ‍ॅम्प, आणि बेसचा नॉब शून्यावर

फ्रीमाँटचा_बाब्या (धागाकर्ता)

राम राम मंडळी. सहा वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिली जिलबी, म्हणजे पहिला धागा, पाडतोय. सांभाळून घ्या.

पाडव्याला ओवाळणी बायकोला घालायची असते. मी ती स्वतःलाच घातली. सेकंडहँड मेसा बूगी मार्क फाइव्ह, गिटारचा नव्वद वॉटचा हेड, म्हणजे स्पीकर नसलेली नुसती अ‍ॅम्पची पेटी. बायको म्हणाली, "आधीचा अ‍ॅम्प बिघडला का?" नाही. "मग?" त्या 'मग'ला तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी वंशावळ सांगतो. माझ्या घरापासून गाडीने दीडेक तासावर पेटालुमा नावाचं गाव आहे. एकेकाळी अंड्यांसाठी प्रसिद्ध होतं, गिटारवाल्यांना ते अ‍ॅम्प बनवणाऱ्या मेसामुळे माहीत. या कंपनीचा जन्म मात्र चेष्टेतून झाला. १९६० चं दशक संपत आलेलं, रँडल स्मिथ नावाचा एक तरुण सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला अ‍ॅम्प दुरुस्त करायचा. बॅरी मेल्टन या गिटारवाल्याचा फेंडर प्रिन्सटन त्याच्या हाती आला. प्रिन्सटन म्हणजे बारा वॉट, दहा इंची स्पीकर, घरी सराव करायचा डबा. स्मिथने गंमत म्हणून त्याच्या पोटात फेंडरच्याच मोठ्या बासमनचं सर्किट कोंबलं, पुढची फळी कापून बारा इंची जेबीएल स्पीकर बसवला, आणि बाहेरून सगळं होतं तसं ठेवलं. नेमका कार्लोस सँटाना हा नामी गिटारवाला दुकानात होता. त्याने वाजवून बघितलं आणि खूश होऊन जे काही म्हणाला त्यातला 'बूगी' हा शब्द अ‍ॅम्पला चिकटला तो चिकटलाच.

पुढे स्मिथने प्रीअ‍ॅम्पमध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, गेनची (सूर वाढवून थोडा फाडण्याची) एक जादा पायरी घातली आणि आवाज शेवटी आवरायला वेगळा मास्टर नॉब दिला. म्हणजे भिंती हलेपर्यंत मोठा न करताही सूर लांब गातो, तुटत नाही. तो मार्क वन. लाकडाची उघडी पेटी आणि पुढे वेताची जाळी अशी त्याची देखणी आवृत्ती फोटोत पाहिली असेल. त्यात चॅनल, म्हणजे साधा आवाज (क्लीन) की फाटका गाता आवाज (लीड), पायाने बदलायची सोय नव्हती. ती १९७८ च्या मार्क टूमध्ये आली. मग टूबी, टूसी, आणि १९८५ पर्यंत जेमतेम दोनेक वर्षं निघालेला टूसी प्लस. मेटॅलिकाच्या १९८६ च्या मास्टर ऑफ पपेट्स अल्बमवरच्या गिटारी ऐकल्यात ना? तो टूसी प्लस. १९८५ ला थ्री, १९९० च्या सुमारास फोर, २००९ ला माझा फाइव्ह. सिक्स नाहीच, एकदम २०२३ मध्ये सेव्हन. बहुधा कोणीतरी अंकशास्त्रवाला गाठला असावा.

फाइव्हमध्ये तीन चॅनल आणि प्रत्येकात तीन मोड. पहिल्यात क्लीन, फॅट, ट्वीड. दुसऱ्यात एज, क्रंच आणि मार्क वन. तिसऱ्यात टूसी प्लस, मार्क फोर आणि एक्स्ट्रीम. म्हणजे घराण्यातले आजोबा, काका, वडील सगळे एकाच वाड्यात. शिवाय प्रत्येक चॅनलला आपापला गेन, ट्रेबल, मिड, बेस, प्रेझेन्स, मास्टर. वर पाच पट्ट्यांचा ग्राफिक ईक्यू, म्हणजे आवाजाचे जाड-बारीक भाग कमीजास्त करायच्या सरकपट्ट्या. वर प्रत्येक चॅनलला दहा, पंचेचाळीस की नव्वद वॉट ते वेगळं ठरवायचं. पहिल्या दिवशी ते पॅनल बघून मला एसटीच्या कंट्रोल रूममध्ये उभं केल्यासारखं झालं.

आणि पहिला महिना आवाज अक्षरशः चिखल. तिसऱ्या चॅनलवर पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारांचा जाड स्वरमेळ) दाबली की भिजलेल्या गोधडीवर धोपाटणं मारावं तसा धप्प. सगळे नॉब मधोमध ठेवले होते, बारा वाजल्यावर. जगातला कुठलाही अ‍ॅम्प बारावर ठेवला की निदान बरा वाजतो, हा माझा पंधरा वर्षांचा अनुभव. विकायला काढणार होतो. शेवटी जिथून घेतला त्या दुकानात हेड परत घेऊन गेलो. काउंटरवरच्या म्हाताऱ्याने ऐकून घेतलं, काही बोलला नाही, हात पुढे करून बेसचा नॉब जवळजवळ शून्यावर आणला, ट्रेबल सातावर, आणि ईक्यूची ८० हर्ट्झची पट्टी वर सरकवली. "आता वाजव."

मंडळी, मी दुकानात उभ्याउभ्या शिवी दिली. मराठीत.

असं का होतं ते मला अर्धंच कळलंय. कोणी जाणकार असतील तर सांगा. आणि जुन्यांपैकी कोणी वाजवलाय का? खरा टूसी प्लस, खरा थ्री? मोडचं नाव आणि खरी पेटी यांत किती अंतर, हे ऐकायचंय.

खडकवासला_लूप

जिलबी कसली, अख्खं ताट आहे. वाखु (वाचनखूण) साठवली.

पण एक प्रामाणिक प्रश्न. हलके घ्या. नऊ मोडसाठी एवढी लोखंडी तिजोरी का बाळगायची? माझ्या टेबलावर शिंगाड्याच्या पिठाच्या डब्याएवढा मॉडेलर आहे, म्हणजे गणित करून अ‍ॅम्पची नक्कल करणारं यंत्र. त्यात मार्क वनपासून फोरपर्यंत सगळे आहेत, वर मार्शल, व्हॉक्स, काय म्हणाल ते. हेडफोन लावला की शेजारच्या काकू खूश. तुमचा फाइव्ह म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा मॉडेलरच नाही का?

फ्रीमाँटचा_बाब्या

लूपभाऊ, प्रश्न बरोबर आहे आणि अर्धं उत्तर 'हो' आहे. मोड बदलला की रिले खटखट करतात, आणि आत सर्किटचे तुकडे खरोखर वेगळे जोडले जातात. गणित करून नक्कल होत नाही. पण म्हणून ती खऱ्या टूसी प्लसची पेटी होत नाही. ट्रान्सफॉर्मर वेगळा, वायरिंग वेगळं.

माझं खरं सांगू का? नऊपैकी चार मोडना महिनोन्‌महिने हात लागत नाही. एक्स्ट्रीम एकदा लावला होता, कुत्रं कोचाखाली गेलं. एज मला कधी उमगलाच नाही, सुरीने पत्रा खरवडल्यासारखा वाटतो. मी राहतो तो ट्वीड आणि मार्क वनमध्ये. मार्क वनला मात्र ईक्यू बंद ठेवायचा, गिटारचा टोन नॉब निम्म्यावर, आणि गळ्याजवळच्या पिकअपवर (तारांचा सूर पकडणाऱ्या चुंबकावर) एकच सूर धरून बसायचं. रविवारी सकाळी माझं तेवढंच काम असतं.

नाना_व्हॉल्व्हवाले

बाब्या, गिटारीतलं मला शष्प कळत नाही. पण १९६८ पासून रेडिओ उघडतोय. फिलिप्स, मर्फी, हिरव्या डोळ्याचे, बिनडोळ्याचे. तुझ्या अ‍ॅम्पमधला १२एएक्स७ व्हॉल्व्ह म्हणजे आमच्या भाषेत ईसीसी८३. बंगळूरच्या बेलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) व्हॉल्व्ह अजून माझ्याकडे खोक्यात आहेत. तुझा चिखल का झाला ते सांगतो.

साध्या अ‍ॅम्पमध्ये टोनचे नॉब आले की त्यांच्यापुढे फार काही घडत नाही. या मार्कचं सर्किट नातवाने मला कॉम्प्युटरवर दाखवलं. यात ट्रेबल-मिड-बेस हे पहिल्याच व्हॉल्व्हनंतर आहेत, आणि लीडच्या गेनच्या पायऱ्या त्यांच्या *पुढे*. म्हणजे तू बेस वाढवलास तर तो वाढलेला बेस पुढच्या पायऱ्यांवर जाऊन आपटणार.

आता समुद्राची मोठी लाट डोळ्यापुढे आण. तिच्या पाठीवर लहान लहान लाटा असतात. मोठी लाट म्हणजे बेस, लहान म्हणजे ट्रेबल. डिस्टॉर्शन म्हणजे काय? व्हॉल्व्हला पेलवत नाही म्हणून लाटेचा माथा छाटला जातो. मोठ्या लाटेचा माथा छाटला की त्या माथ्यावर बसलेल्या लहान लाटाही गेल्या. सूर गेला, राहिला धप्प. म्हणून बेस आधी कमी करायचा, कडक सूर छाटून घ्यायचा, आणि छाटणी झाल्यावर, म्हणजे तुझ्या त्या पट्ट्यांनी, बेस परत घालायचा. पट्ट्या गेननंतर आहेत.

आमच्या हिच्या भाषेत, हिंग फोडणीत किती आणि तूप वरून किती. फोडणीत जे जास्त पडेल ते जळणार. वरून घातलेलं तसंच राहतं.

आणखी एक. कुतूहलाने झाकण उघडू नकोस. बंद करून, प्लग काढूनसुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. आम्हाला उस्तादाने पहिल्या दिवशी शिकवलं, एक हात खिशात. दोन्ही हात आत घातलेस की करंट एका हातातून दुसऱ्यात जातो, आणि वाटेत काळीज आहे.

चहाबिस्कीट

मी फोडणी शब्द वाचून पाककृती विभाग समजून आले होते. 🙂 तरी शेवटपर्यंत वाचलं. नाना, लाटांचं समजलं.

निळीपट्टी

नाना, दंडवत. पंचवीसहून जास्त वर्षं मी बेस दोनावर ठेवतोय, का ते आज कळलं. काकाने सांगितलं होतं म्हणून ठेवत होतो.

माझ्याकडे मार्क थ्री आहे. पुण्यात. थ्रीच्या मागे पॉवरच्या वायरीच्या वर रंगाची पट्टी असते, त्यावरून कुठल्या फेरीचा ते कळतं. काळी, जांभळी, लाल, निळी, हिरवी. माझी निळी, सगळ्यात तिखट म्हणतात ती. टूसी प्लसवर याच जागी हाताने काळ्या मार्करने '+' काढलेला असे. आता टूसी प्लसच्या किमती बघता एखादा मार्कर किती कमाई करून देईल विचार करा. सातबाऱ्यावर नाव चढवण्यासारखं आहे. घेणाऱ्याने आतलं सर्किट जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आता माझी अब्रू. काकाने १९९८ मध्ये न्यू जर्सीहून सामान हलवलं तेव्हा कंटेनरमधून हा आला. एकशेवीस व्होल्टचा. मी एकोणीस वर्षांचा दीडशहाणा, चपट्या पिनेला आपल्या सॉकेटचा कन्व्हर्टर लावला की झालं असं समजलो. फ्यूज उडाला. दुसरा नव्हता. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळला फ्यूजवर.

नाना, शिव्या द्या, मी थांबतो.

वास आला, मग धूर, मग आई. पॉवर ट्रान्सफॉर्मर खलास. तपकीर गल्लीत विचारत विचारत बुधवार पेठेत एक वाइंडर (तारेचे वेढे गुंडाळणारा) गाठला. त्याने जन्मात मोटार आणि मिक्सर सोडून काही गुंडाळलं नव्हतं. पण माणूस जिद्दीचा. जुना ट्रान्सफॉर्मर सोडून एकेक वेढा मोजत बसला, वहीत पाचपाचाच्या रेघा मारत. आणि म्हणाला, आता गुंडाळतोच आहे तर दोनशेतीसचाच गुंडाळू की. त्यामुळे माझा थ्री आज थेट भिंतीतल्या सॉकेटवर चालतो. हे करून पंचवीसहून जास्त वर्षं झाली.

धाग्याच्या प्रश्नावर माझं मत साधं आहे. जुन्यात जी धग आहे ती नव्यात नाही. नव्यात सगळं आहे, एवढंच.

खडकवासला_लूप

@निळीपट्टी, ट्रान्सफॉर्मर बुधवार पेठेचा, व्हॉल्व्ह दर दोन-चार वर्षांनी नवे, कपॅसिटर पण बदलले असतीलच. मग तुमचा जुना अ‍ॅम्प नेमका कुठे जुना आहे राव?

निळीपट्टी

आऊटपुट ट्रान्सफॉर्मर मूळचा आहे. आणि वास.

नाना_व्हॉल्व्हवाले

चांदीचा कागद! अरे गाढवा. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

वाइंडरने बरोबर केलं. अमेरिकन ट्रान्सफॉर्मर साठ सायकलचा, आपली वीज पन्नासची, तो इथे तसाही जास्त तापतो. बाहेरून अ‍ॅम्प आणणाऱ्यांनी स्टेप-डाउन (आपलं व्होल्टेज उतरवून अमेरिकन करणारा ट्रान्सफॉर्मर) घेताना अंगापेक्षा मोठा घ्या. नव्वद वॉटचा अ‍ॅम्प म्हणून शंभर वॉटचा स्टेप-डाउन लावाल तर फसाल. नव्वद हे स्पीकरला मिळतात. भिंतीतून तो त्याच्यापेक्षा बराच जास्त ओढतो, व्हॉल्व्हची वातच किती खाते. एक केव्हीए लावा आणि झोपा.

दादरची_स्ट्रॅट

धागा फारच रंगलाय. माझा मुद्दा वॉटचा.

मैत्रिणीच्या स्टुडिओत फाइव्ह आहे, मी त्यावर रेकॉर्डिंग केलंय. लोकांना वाटतं दहा वॉट म्हणजे नव्वदच्या नवव्या हिश्शाएवढा आवाज. छे! कानाला तो निम्म्याच्या आसपास लागतो. दादरच्या चाळीवजा बिल्डिंगमध्ये दहा वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प मनासारखा उघडलात तर सेक्रेटरी दारात, आणि त्याच्या मागे ज्यांच्या नातवाची दहावी आहे ते आजोबा. पण दहा वॉटवर तो बदलतो ते सुंदर बदलतो. नव्वदवर चारही पॉवर व्हॉल्व्ह जोड्या करून काम करतात, दहावर एकट्या व्हॉल्व्हवर गाडा. सूर जरा लवचीक होतो, बोटाने जोर दिला की आधी दबतो आणि मग फुलतो. ट्वीड मोड, दहा वॉट, गेन दोनवर: माझ्या जुन्या स्ट्रॅट गिटारचा इतका जिवंत आवाज मी आजवर ऐकला नव्हता. आणि हे कुठल्याच जुन्या मार्कमध्ये नाही हो, निळीपट्टी. तुमचा थ्री एकट्या व्हॉल्व्हवर चालवून दाखवा बरं.

थोडं अवांतर: तुमच्या या धाग्यात सगळे 'काउंटरवरचा म्हातारा', 'उस्ताद', 'वाइंडर'. मला अ‍ॅम्प शिकवला तो चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या एका बाईंनी. नोंद असावी.

निळीपट्टी

@दादरची_स्ट्रॅट, नोंद घेतली आणि वॉटच्या मुद्द्यावर शरण. माझा थ्री मास्टर एकवर असतो तेव्हाच कपाटातली भांडी वाजतात. मी तो फक्त सुट्टीत गावी नेतो. शेजारी ऊस.

म्हापशेकर

बाब्या, वाचून मजा आली रे. मी ७४ चा. वय नव्हे, त्या साली पहिल्यांदा लग्नात गिटार वाजवली.

तुम्ही लोक नऊ मोडना हसता. मला विचार. गोव्यात लग्नात एका रात्रीत काय काय वाजवायचं असतं माहीत आहे? आधी वॉल्ट्झ, नवरानवरीचा. मग फॉक्सट्रॉट, चाचाचा, जाइव्ह. मग मांडो, दुलपद. नंतर पोरं पुढे येतात, त्यांना रॉक पाहिजे. पहाटे कोणीतरी काका हिंदी पिक्चरचं गाणं मागणार, ते नाही वाजवलं तर पैसे अडले. आणि माझ्याकडे अ‍ॅम्प काय? पीए सिस्टीमचा जो अ‍ॅम्प्लिफायर गायकाच्या माइकला, त्याच्याच दुसऱ्या भोकात माझी गिटार. गायक जोरात ओरडला की गिटार मागे जायची. रॉकसाठी एका मित्राने स्पीकरच्या कागदाला ब्लेडने चिरा दिल्या, फरफर आवाज यायला. आला. पण पुढचा वॉल्ट्झ पण फरफर. नवरीची आई काय बघत होती माझ्याकडे.

तेव्हा पायाने दाबून वॉल्ट्झवरून रॉकवर जाणारी पेटी कोणी दिली असती तर मी वर्षभर फुकट वाजवलं असतं. जुन्याची हौस ज्याला रोज वाजवायचं नाही त्याला. हे माझं मत, राग नको.

खडकवासला_लूप

म्हापशेकर काका _/\_. वेगळा धागा काढा प्लीज. ब्लेडवाल्या स्पीकरचं पुढे काय झालं?

म्हापशेकर

पावसात पडवीत राहिला. उंदरांनी बाकीचं मॉडिफिकेशन केलं.

फ्रीमाँटचा_बाब्या

मंडळी, तुमच्या वादामुळे मी शनिवारी एक उद्योग केला. ओळखीतल्या एकाकडे लाल पट्टीचा मार्क थ्री आहे. त्याच्या गॅरेजमध्ये दोन्ही हेड एकाच कॅबिनेटवर (स्पीकरच्या खोक्यावर) आळीपाळीने लावले. गिटार तीच, माइक एकच एसएम५७, जागा हलवली नाही, जमिनीवर खडूने फुली मारली होती. तीन क्लिपा टाकतोय, अ, ब आणि क. प्रत्येकीत आधी वीस सेकंद क्लीन, मग पायाने स्विच दाबून वीस सेकंद लीड. *मध्ये कुठल्याही नॉबला हात लावलेला नाही.* एक क्लिप थ्रीची, दोन फाइव्हच्या, एक टूसी प्लस मोड आणि एक फोर मोड. थ्री ओळखा.

निळीपट्टी, तुमची परीक्षा आहे. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका.

दादरची_स्ट्रॅट

क. लीडमध्ये वरचा सूर जरा खरखरीत आहे. अ फारच गुळगुळीत, तो नवा.

खडकवासला_लूप

मी पण क. (मला तिन्ही सारख्या वाटल्या हे कोणाला सांगू नका.)

चहाबिस्कीट

अ. कारण मला ती आवडली आणि निळीपट्टींना जुनं आवडतं.

नाना_व्हॉल्व्हवाले

नातवाच्या हेडफोनवर ऐकलं. लीडमध्ये फरक सांगता येत नाही. माझे कान आता आठ हजार हर्ट्झच्या वर जात नाहीत, मत बाद समजा.

निळीपट्टी

चार वेळा ऐकलं. लीड मी ऐकलंच नाही म्हणा ना. पहिले वीस सेकंद ऐकले.

उत्तर ब. पैज लावतो.

कारण सांगतो. थ्रीमध्ये क्लीन आणि लीड या दोघांत मिळून ट्रेबल, मिड, बेसचा एकच संच. लीड चांगला हवा तर नानांच्या हिशोबाने ट्रेबल सात-आठवर, बेस दोनवर. मग स्विच दाबून क्लीनवर आलास की त्याला पण तेच ट्रेबल आणि तोच उपाशी बेस. थ्रीचा क्लीन म्हणूनच कायम जरा काचेरी लागतो. पोट नसलेला. बमध्ये तो तसा आहे. अ आणि क मध्ये क्लीन गोलमटोल आहे, फेंडरसारखा, म्हणजे त्याला स्वतःचे नॉब मिळालेत. तो फाइव्ह.

फ्रीमाँटचा_बाब्या

ब. बरोबर. अ टूसी प्लस मोड, क फोर मोड.

साष्टांग. गॅरेजवाला गडी मला म्हणाला होता की लीडवर कोणी ओळखणार नाही. आणि खरंच ओळखलं नाही कोणी. क्लीनने चोरी पकडली जाईल हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

पण म्हणजे निळीपट्टी, तुम्ही जी 'धग' म्हणता तिचा पत्ता लीडमध्ये नाही लागला. पत्ता लागला तो ज्याला सगळे थ्रीचा दोष म्हणतात त्यात. फोरमध्ये त्यांनी तो निम्मा काढला, तिथेही लीड सोडून बाकीचे दोन रिदम चॅनल बेस आणि मिड वाटून घेतात. फाइव्हमध्ये पूर्ण काढला.

निळीपट्टी

मान्य. मी सकाळपासून यावर विचार करतोय, ऑफिसात काम केलं नाही.

मला तो काचेरी क्लीनच आवडतो. इतकी वर्षं बँडमध्ये तोच वाजवलाय. बेस गिटारवाल्याच्या अंगावर जात नाही, ड्रमच्या मधून सरळ बाहेर येतो. एकट्याने खोलीत वाजवला तर दात शिवशिवतात, खरं आहे. पण आमची निम्मी गाणी त्या आवाजावर बसलीत. कॉर्ड तोडून वाजवायची सवय, वरच्या तीन तारांवर राहायची सवय, सगळं त्या एका बेसच्या नॉबमुळे. फाइव्हवर मी बहुतेक वेगळाच वाजवीन.

मेसाने २०२४ मध्ये टूसी प्लस पुन्हा बनवायला घेतला, तेव्हा मी हसलो होतो, की फाइव्हमध्ये आहे, सेव्हनमध्ये आहे, परत कशाला. आता थोडं कळतंय.

म्हापशेकर

ते काचेरीचं बरोबर बोललास पुता. आमचा पण निम्मा आवाज गायकाच्या माइकनेच बनवला. त्याच्या ओरडण्यातून वाट काढायला मी वरच वाजवायचो.

दादरची_स्ट्रॅट

हरले. पण मला चॅनलनिहाय नॉबच हवेत. रेकॉर्डिंगला सकाळी जिंगल, दुपारी अभंग-फ्युजन आणि संध्याकाळी कोणाचं तरी मेटल. मला काचेरीपणाशी संसार करायला वेळ नाही. हवा तेव्हा बेस कमी करून आणीन की.

निळीपट्टी

आणाल, बाई. पण वाढवता येत असताना कमी ठेवणार का, हा प्रश्न आहे. मी नसता ठेवला.

फ्रीमाँटचा_बाब्या

कालपासून मी पहिल्या चॅनलचा बेस दोनवर ठेवून क्लीन वाजवून बघतोय. बायको म्हणते, "बिघडला का?"

खडकवासला_लूप

मी पण मॉडेलर उघडून बसलोय. त्यातल्या टूसी प्लसला मी दीड वर्षं बेस पाचवर ठेवून 'हे मॉडेल भिकार आहे' म्हणत होतो. आत्ता एकवर आणला. काकू बाहेर गेल्यात, स्पीकरवर ऐकतोय. अरे!!

ईक्यूच्या पाच पट्ट्यांत ८०, २४०, ७५०, २२००, ६६०० असं लिहिलंय. सगळे तो इंग्रजी व्ही आकार करतात, म्हणजे खाली कुठली ओढायची?

फ्रीमाँटचा_बाब्या

मधली, ७५०. पण पार तळाला नको, एकट्याने ऐकताना भारी वाटतं आणि बँडमध्ये गिटार गायब होते. मधल्या रेघेच्या थोडी खाली ठेव, ८० आणि ६६०० थोड्या वर. काकू यायच्या आत करून बघ.